दगडाबाईचं ऊन

कोलशेतच्या कान्हा कोळ्याच्या पहिल्या तीन पोरी पाळण्यातच गेल्या. चौथी झाली तेव्हा त्याच्या म्हातारीने बजावून सांगितलं, की हिला चांगलंचुंगलं नाव ठेवायचं नाही. चांगल्या नावावर यमाचा डोळा असतो. म्हणून पोरीचं नाव दगडा ठेवलं. यम फसला आणि पोरगी वाचली. पुढे ती नावाला अशी काही जागली, की यमाने दोनदा विचार केला असेल, आपण हिला सोडलं ते बरंच झालं.

दगडाबाई विसरत नसे, हा तिचा पहिला गुण आणि शेवटचा अवगुण. नऊ वर्षांची असताना तिने पकडलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, गावातल्या काळुराम नावाच्या दांडगट पोराने हिसकावून नेल्या. दगडा रडली नाही आणि कुणाच्या बापाकडे तक्रार घेऊनही गेली नाही. ती सहा वर्षं थांबली. काळुराम बोहल्यावर चढायला निघाला त्या सकाळी त्याच्या नव्याकोऱ्या बुटात एक जिवंत चिंबोरी होती. नवरदेव सुजलेल्या अंगठ्यानिशी सप्तपदी चालला. कान्हाने पोरीला दोन लगावल्या आणि मग तोंड फिरवून हसला. तो नेहमी म्हणायचा, सुकी मासळी आणि वैर, दोन्ही जितकी उन्हात राहतील तितकी टिकतात.

गावातल्याच दामाजीशी तिचं लग्न झालं. तेव्हा खाडी भरलेली होती. बोय, कोलंबी, निवट्या, जवळा, काही ना काही जाळ्यात यायचंच. पुढे खाडीकाठाने कारखाने झाले, पाण्याला रोज नवा रंग यायला लागला आणि मासे पोट वर करून तरंगायला लागले. दामाजीने होडी पालथी घातली आणि एका कंपनीच्या गेटवर रखवालदाराची टोपी डोक्यावर चढवली. दगडाबाईने टोपली चढवली. मिळेल तिथून ओली मासळी आणायची, घरामागच्या खळ्यावर सुकवायची आणि ठाण्याच्या मंडईत नेऊन विकायची. मंडईतून उठली की नौपाड्यातली ठरलेली घरं करायची. असं वीस वर्षं चाललं.

वीस वर्षं ऊन तिच्या तोंडावर पडलं. वरून तर पडायचंच, पण खळ्यावर वाकून जवळा परतताना खालूनही झळ मारायचं. चाळिशीतच तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळे पट्टे आले, कपाळ रापून जाड झालं, डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्यांचं जाळं पडलं. तिला त्याचं काही वाटत नसे. कोळणीचं तोंड उन्हात नाही रापणार तर काय मुन्शिपाल्टीच्या सायेबाचं रापेल, असं ती म्हणे.

मग एकोणीसशे सत्त्याण्णव साली, दिवाळीनंतर, तिच्या एकुलत्या एका मुलीचा, जयवंतीचा, साखरपुडा ठरला. मुलगा ठाकुर्लीचा होता आणि डोंबिवलीच्या एका कारखान्यात कामाला होता. मंडपात ठाकुर्लीच्या बाया आल्या. नवरदेवाची आई चंद्रभागा पुढे झाली. तिच्या हातात मुलीच्या आईसाठी ओटी होती, नारळ, खण आणि हिरवं पातळ. ती दगडाबाईसमोर आली, वाकली आणि म्हणाली, “आजी, पाया पडते. पोरीची आयस कंची?”

दगडाबाई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. तिने तोंड उघडेपर्यंत चंद्रभागाबाईची नजर शेजारी उभ्या असलेल्या मालनवर गेली. मालन म्हणजे दामाजीच्या धाकट्या भावाची बायको. ती घरात बसून जाळी विणायची, उन्हात पाऊल टाकायची नाही, त्यामुळे तोंड अजून लोण्यासारखं. चंद्रभागाबाईने ओटी मालनच्या पदरात घातली. आणि मालनने ती घेतली. पदर पुढे करून, डोळे खाली घालून, पोरीच्या आईने घ्यावी तशी घेतली.

“अगं वैनी, मना काय म्हाईत ती मनाच आयस समजली ते!” मालन मागाहून म्हणाली. ठाकुर्लीकर वरमले, हसले, चंद्रभागाबाईने कान पकडले. पण दिलेली ओटी परत घेता येत नाही. ते हिरवं पातळ मालनच्या पेटीत गेलं. गावातल्या बाया नळावर दगडाबाईला आठ दिवस ‘आजीबाय’ म्हणत होत्या.

लग्न वैशाखात होतं. दगडाबाईने मनाशी गाठ मारली, की वैशाखात असं तोंड घेऊन मांडवात उभं राहायचं, की मालनला शेजारी उभं राहायची लाज वाटली पाहिजे. या बाईला गोरं व्हायची हौस नव्हती, तिला सूड हवा होता. त्यासाठी तोंड उजळावं लागलं असतं तर ती उजळायला तयार होती.

नौपाड्यातल्या तिच्या ठरलेल्या घरांपैकी एक केळुसकरांचं होतं. केळुसकरांची मुलगी वैजयंती कातडीची डॉक्टर होती. वय तेहतीस, नाक सरळ, अंगावर पूर्ण बाह्या, आणि कोपऱ्यावर जायचं झालं तरी डोक्यावर छत्री. त्याच गल्लीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिने दवाखाना काढला होता आणि नुकतंच परदेशातून एक मशीन आणवलं होतं. त्या मशीनमधून नुसता प्रकाश पडायचा. तेवढ्याने म्हणे उन्हाने खराब झालेली कातडी सुधारते, डाग जातात, वय दहा वर्षांनी उतरतं. डॉक्टरची आई हे दारात बोंबील निवडताना सांगत होती. दगडाबाईने टोपली खाली ठेवली.

“बाय, उन्हानं केलेलं उजेडानं जाईल कं?” तिने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

डॉक्टर बाहेर आली. तिने दगडाबाईची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, मग दुसरीकडे वळवलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “दगडाबाई, तुम्ही दवाखान्यात याच,” ती म्हणाली. “पैसे नकोत. फक्त मी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढीन. चालेल?”

चालणार नाही तर काय! जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दगडाबाई दवाखान्याचा पुढचा रुंद जिना चढून वर गेली. या जिन्याने ती पंधरा वर्षं मासळीची टोपली घेऊन वरच्या बिऱ्हाडांत जात होती, त्यामुळे तिला तिथे परकं काही वाटलं नाही. बाहेरच्या खोलीत अत्तराचे वास येणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांनी जरा सरकून घेतलं.

आत डॉक्टरने विचारलं, “गेले पंधरा दिवस उन्हात नव्हता ना गेलात?”

“बाय, मी कोलीन हाय,” दगडाबाई म्हणाली. डॉक्टर हसली, दगडाबाईही हसली, आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

तिला पलंगावर निजवून डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. तोंडाला गार, बुळबुळीत काहीतरी चोपडलं. मग गालावर काचेचा ठोकळा टेकला आणि मिटलेल्या पापण्यांच्या आत लालभडक उजेड फुटला. कातडीवर रबर ताणून सोडावं तशी चटक बसली. जळक्या केसांचा वास आला. डॉक्टर दर खेपेला विचारायची, “सहन होतंय ना?” दगडाबाई नुसती हुंकार द्यायची. तिच्या डोळ्यांसमोर मालनचा पुढे केलेला पदर होता. तेवढ्यावर तिने अख्खं तोंड भाजून घेतलं असतं.

निघताना डॉक्टरने बजावलं, “महिनाभर ऊन अजिबात नाही. आणि हे पांढरं मलम सोडून तोंडाला दुसरं काहीही लावायचं नाही. काहीही म्हणजे काहीही.”

दोन दिवस दगडाबाई घरात बसली. लग्न झाल्यापासून ती इतकी घरात कधी बसली नव्हती. तिसऱ्या दिवशी तोंड आतून शेकायला लागलं, मलमाने आग थांबेना. दामाजी कंपनीच्या गेटवर होता, जयवंती शिवणाच्या क्लासला गेली होती, आणि खळ्यावर दोन टोपल्या जवळा पसरलेला होता. तो वेळेवर परतला नाही तर खालून कुजतो. फळीवर बापाच्या वेळची मुशी माशाच्या तेलाची बाटली होती. चटका बसो, कापो, खरचटो, कान्हा कोळी मुशीचं तेल लावायचा आणि बरा व्हायचा. दगडाबाईने ओंजळभर तेल तोंडाला चोळलं, बरं वाटलं, आणि ती भर दुपारी खळ्यावर जाऊन तास दीड तास जवळा परतत राहिली.

दिवस मावळायच्या आत दोन्ही गालांवर फोड आले.

दुसऱ्या दिवशी पदराने तोंड झाकून ती दवाखान्यात गेली. तिला आपली चूक ठाऊक होती. वाटेत तिने जुळवाजुळवसुद्धा केली होती, की डाक्तरीन बाय, चुकलं माझं, तेल लावलं आणि उन्हात गेले, आता तूच काय ते बघ. डॉक्टरने पदर बाजूला केला आणि ती स्वतःच पांढरीफटक पडली.

“तुम्ही उन्हात गेला होतात? काही लावलंत का?”

दगडाबाई सांगणार होती. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात डॉक्टरने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे आठ बाया मासिकं चाळत बसल्या होत्या. तिने घाईघाईने पदर पुन्हा दगडाबाईच्या तोंडावर ओढला, आतलं दार लावून घेतलं आणि मदतनीस कलावतीला हळूच म्हणाली, “यांना मागच्या जिन्याने खाली ने. बाहेर पेशंट आहेत.”

मागचा जिना म्हणजे सफाईवाल्याचा लोखंडी गोल जिना. तिथे घाणीचे डबे ठेवलेले असायचे.

“नाय,” दगडाबाई म्हणाली. “उन्हात नाय गेले. काय नाय लावलं.”

डॉक्टरने गोळ्या दिल्या, दुसरं मलम दिलं. म्हणाली, फोड जातील, डाग राहतील, पण चार महिने ऊन टाळलं तर वैशाखापर्यंत डागही पुसट होतील, मी स्वतः दर आठवड्याला बघेन. हे सगळं ती खरं बोलत होती आणि मनापासून बोलत होती. दगडाबाईला ते ऐकू येत होतं, पण तिचं लक्ष त्या जिन्याकडे होतं. ती एकेक पायरी मोजत खाली उतरली. अठरा होत्या. ओटी गेली तेव्हा ती चिडली होती. या अठरा पायऱ्यांनी मात्र तिला आतून बाहेरून पेटवलं. मालनचं नाव तिच्या मनातून त्या दिवशी पुसलं गेलं आणि तिथे डॉक्टरचं आलं.

फोड फुटले, खपल्या धरल्या, पडल्या. खाली जांभळे काळे चट्टे निघाले. फेब्रुवारीच्या एका सोमवारी दगडाबाईने सुक्या मासळीची टोपली भरली आणि मंडईत न जाता ती सरळ नौपाड्यात गेली. दवाखान्याच्या पुढच्या जिन्याच्या तोंडाशी, फुटपाथवर, तिने गोणपाट अंथरलं आणि टोपली टेकवली. सकाळचे अकरा वाजले होते. त्या जागी चारपर्यंत सावली म्हणून येत नाही, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं. ती सूर्याकडे तोंड करून बसली. डोक्यावर पदर घेतला नाही.

तिने शिव्या दिल्या नाहीत, कुणाला अडवलं नाही, आरडाओरडाही केला नाही. तिने फक्त धंदा केला. कुणी बाई रिक्षातून उतरून विचारायची, “ते लाइटचं मशीन असलेल्या डॉक्टर इथेच ना?” दगडाबाई मान वर करायची, चट्टे नीट उन्हात येतील एवढी, आणि म्हणायची, “हां, वर. मी पन तिथंच गेलेली.”

बाई दोन पायऱ्या चढायची. मग थांबायची. मग तिला काहीतरी आठवायचं आणि ती रिक्षा परत बोलवायची.

सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. म्हणाले, वास येतो. दगडाबाई म्हणाली, येनारच, सुकी मासली हाय, मोगरा नाय. हवालदार आला, दांडा आपटून गेला, जाताना बायकोसाठी सुक्या कोलंबीचे सोडे घेऊन गेला. चौथ्या दिवशी कलावती छत्री घेऊन आली. “डॉक्टरांनी पाठवलीय. उन्हात बसू नका म्हणाल्यात, डाग पक्के होतील.” दगडाबाईने छत्री घेतली, उघडली आणि टोपलीवर धरली. तोंड बाहेरच ठेवलं. बोंबलांना तेवढीच सावली झाली.

मंडईतली तिची वीस वर्षांची जागा महिन्याभरात गेली. कोळणीची जागा म्हणजे तिचं दुसरं सासर, पण रोज टोपली टेकवली नाही तर कुणीही येऊन बसतं. दामाजीने डोकं धरलं. जयवंतीने पाय धरले. “आये, तोंड बरं होतंय ना गो. माझ्या लग्नात तरी नीट दिस. मग काय करायचं ते कर.”

“लगीन तुझं हाय, तोंड माझं हाय,” दगडाबाई म्हणाली. पोरगी रडत आत गेली. दगडाबाईला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी अकराला ती जागेवर होतीच.

डॉक्टर स्वतः तीनदा खाली आली. पहिल्या खेपेला चिडून आली, पोलिसात जाईन म्हणाली. दुसऱ्या खेपेला समजावायला आली, आणि छत्रीच्या सावलीत उभी राहून तिने सांगितलं की प्रत्येक दिवसाचं ऊन तुमचे डाग महिनाभर लांबवतंय, तुम्ही माझं नाही, स्वतःचं नुकसान करताय. तिसऱ्या खेपेला तिने नुसतं विचारलं, “दगडाबाई, तुम्हाला हवंय तरी काय?”

“काय नको,” दगडाबाई म्हणाली. “सोडे घेतेस कं? पावसाल्याला भरून ठेव.”

खोटं सांगून कुणाचा धंदा बुडवायचा म्हणजे पाप असतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे उभी राहिली की मुशीच्या तेलाची बाटली तिला फळीवरून बघते आहे असं वाटायचं. तोंड तिचं तिनेच जाळलं होतं, असं ती मनाशी कबूल करायची. पण मग ते घाणीचे डबे आठवायचे आणि पापाचं भय मागच्या मागे पळायचं. चुकीची शिक्षा असेल तर ती तिला भोगायची होती. अपमान मात्र ती कुणाला फुकट सोडणार नव्हती.

वैशाखात लग्न झालं. दगडाबाईने एक दिवस सुट्टी घेतली. मांडवात व्हिडिओवाल्याचे झगझगीत दिवे लागले आणि तिच्या तोंडावरचे काळेजांभळे पट्टे लांबून दिसायला लागले. मालन नवं पातळ नेसून शेजारी येऊन उभी राहिली, कारण तुलनेला याहून चांगली जागा कुठे मिळणार? पण चंद्रभागाबाई आली ती थेट दगडाबाईकडे. नौपाड्यातल्या कोळणीची गोष्ट तोपर्यंत ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याणपर्यंत पोचली होती. “ईनबाय,” ती दोन्ही हात जोडून म्हणाली, “आमचं काय चुकलं माकलं तर पोटात घाला.” तिच्या आवाजात चक्क भीती होती. मालनकडे कुणी बघितलंही नाही. ज्यासाठी दगडाबाई त्या मशीनखाली निजली होती ते तिला मिळालं, आणि तेही तोंड उजळल्याशिवाय. कुणीही शहाणी बाई इथे थांबली असती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अकराला दगडाबाई फुटपाथवर होती.

दवाखान्यात तोवर दिवसाला दोन माणसं यायची, तीसुद्धा खरूज नायट्याची. मशीनवर कापड टाकलेलं होतं. मेच्या शेवटी हमाल आले आणि ते मशीन खाली उतरवून टेम्पोत घालून दूर कुठल्या तरी शहरात घेऊन गेले. कुणीतरी पाटी काढली. भिंतीवर पाटीच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला. दगडाबाईने हे सगळं जागेवरून बघितलं, एक गिऱ्हाईक सोडलं नाही. आतून तिला लहान पोरासारखा आनंद झाला. तो तिने तोंडावर दिसू दिला नाही.

त्याच दिवशी डॉक्टर चौथ्यांदा खाली आली. हातात छत्री होती, पण मिटलेली. डोळे सुजलेले होते. “संपलं सगळं,” ती म्हणाली. “आता तरी सांगा, काय हवं होतं तुम्हाला?”

कान्हा कोळ्याच्या घरची एक रीत होती. कुणी कुणाचं वाईट केलं तर दंड घ्यायचा नाही, माफी ऐकायची नाही. करणाऱ्याने ज्याचं वाईट केलं त्याच्या शेजारी दिवसभर चारचौघांत बसायचं. मग वैर मिटलं.

“बस,” दगडाबाई म्हणाली.

“कुठे?”

“हितं. गोनपाटावर. अकरा ते चार. डोक्यावर काय घ्यायचं नाय.”

लोकांना वाटलं डॉक्टर छत्री फेकून मारील. ती बसली. इस्त्रीची साडी आवरून, सुक्या बोंबलांच्या शेजारी, फुटपाथवर मांडी घालून बसली. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. जिच्याकडे जानेवारीपर्यंत अपॉइंटमेंट घ्यावी लागायची तिला एका बाईने जवळ्याचा भाव विचारला, आणि डॉक्टरने दगडाबाईला विचारून तो सांगितला.

बारा वाजता तिचे गाल गुलाबी होते. एकला लाल झाले. दोनला नाकाच्या शेंड्यावरची कातडी ताणल्यासारखी दिसायला लागली आणि घाम गळ्यातून आत उतरायला लागला. तिने पाणी मागितलं नाही. दगडाबाईनेच आपल्या बाटलीतलं दिलं. देताना तिला या पोरीची दया आली. चार महिन्यांत पहिल्यांदाच आली, आणि आली ती चांगली सणकून आली. वाटलं, बसली बिचारी, माझ्या शब्दासरशी बसली. आता सांगून टाकावं. तेलाचं सांगावं, खळ्याचं सांगावं. म्हणावं, तोंड मी जाळलं, तू फक्त मागच्या जिन्याने काढलंस, तेवढ्याचं हे होतं, फिटलं. तिने चार वाजता सांगायचं ठरवलं. मनातून तिला आताच हलकं वाटायला लागलं होतं.

चार वाजायला थोडा वेळ होता तेव्हा डॉक्टर बोलली. समोर बघतच बोलली.

“दगडाबाई, एक सांगायचं राहिलंय. त्या मशीनबरोबर एक तक्ता आला होता. कातडीच्या सहा रंगांचा. गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. कुठल्या रंगाला किती जोर लावायचा ते लिहिलेलं होतं. तुमच्या रंगापुढे आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, करू नये. उन्हात रापलेल्या कातडीवर तर मुळीच करू नये. कारण भाजतं.”

“मी वाचलं होतं,” डॉक्टर म्हणाली. “आदल्या दिवशीच वाचलं होतं. पण तुमचा चेहरा सुधारला असता तर तो फोटो बघून अख्खं ठाणं आलं असतं माझ्याकडे. म्हणून केलं. फोड आले तेव्हाच मला कळलं की हे माझ्यामुळे झालं. तुम्ही उन्हात गेला होतात का, असं मी विचारलं ते तुम्ही हो म्हणाल या आशेने. तुम्ही नाही म्हणालात. तेव्हापासून मला झोप नाही.”

ती रडायला लागली. रडताना भाजलेल्या गालांवर खारं पाणी झोंबत असणार, कारण तिने हात वर नेला आणि हात लागताच दचकून खाली घेतला.

दगडाबाईला आधी काही कळेचना. मग हळूहळू कळलं. चार महिने ती स्वतःला गुन्हेगार धरून बसली होती. देवापुढे मान खाली घालत होती. पोरीला रडवलं, वीस वर्षांची जागा घालवली, तोंड उन्हाला वाहिलं, आणि रोज मनात म्हणत राहिली, की चूक तुझीच आहे दगडे, तू फक्त जिन्याचा सूड घेते आहेस. आणि ही पोरगी वर बसून सगळं जाणत होती. छत्री पाठवत होती, सल्ले देत होती, तुम्हाला हवंय काय म्हणून विचारत होती. दुपारपासून मनात जमलेली दया गेली आणि त्या जागी असा संताप आला, की खऱ्या संतापाची तिला आजच ओळख झाली. आधीचा सगळा नुसता सराव होता.

मुशीच्या तेलाचं ती काही बोलली नाही. ते सांगायचं आता कारण उरलं नव्हतं.

चार वाजले. डॉक्टर गोणपाटावरून हाताने टेकत उठली, साडी झटकली आणि हात जोडून उभी राहिली. “झालं ना, दगडाबाई? मिटलं ना?”

दगडाबाईने उरलेले बोंबील टोपलीत भरले, गोणपाट गुंडाळलं, चुंबळ डोक्यावर ठेवली. टोपली चढवून ती सरळ उभी राहिली आणि तिने डॉक्टरचं लालबुंद तोंड नीट बघून घेतलं.

“उद्या पन बस,” ती म्हणाली.

“किती दिवस?”

“माझं तोंड निवंल तवर.”

दुसऱ्या दिवशी दगडाबाई अकराला पाच मिनिटं कमी असताना गल्लीत शिरली, तर डॉक्टर आधीच येऊन फुटपाथवर बसली होती. डोक्यावर तिने काहीच घेतलं नव्हतं.